विभाग सतरा : तक्रार नाही

सर्व संबंधितांच्या माहितीसाठी नमूद करण्यात येते की, टक्केसाहेबांच्या आईच्या घरात रेंज नव्हती.

दुमजली इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्या. मागे टेकडी कापून बांधलेली दगडी भिंत, पुढे समोरच्यांची उंच इमारत, आणि मध्ये हे घर असं अंग चोरून बसलेलं की कुठल्याच टॉवरला ते दिसत नव्हतं. खाटेवर रेंज नाही, ओट्याशी नाही, न्हाणीत तर नाहीच नाही. खिडकीतून हात बाहेर काढून फोन उंच धरला की क्षणभर एक काडी उगवायची आणि लगेच मावळायची. रेंज होती ती फक्त गच्चीवर, तीही पाण्याच्या टाकीला पाठ टेकून उभं राहिलं तर. दोन काड्या.

पूर्वी घरात तारेचा फोन होता. परंतु मोबाईल आता घरोघरी पोचला असल्याने तारेची गरज उरलेली नाही, असं कळवून कंपनीने तो काढून नेला. त्या पत्राखाली सही होती टक्केसाहेबांची. कारण टक्केसाहेब त्याच कंपनीत सेवा-गुणवत्ता विभागाचे प्रमुख होते. 'टक्के' हे नाव त्यांना लाच खाण्यावरून पडलं नव्हतं हो, माणूस धुतल्या तांदळासारखा. पण बोलण्यात टक्का आल्याशिवाय त्यांचं वाक्यच पुरं होत नसे. लग्नाला बावीस वर्षं झाली तेव्हा बायकोला म्हणाले होते, "मी नव्वद टक्के सुखी आहे." उरलेल्या दहा टक्क्यांचा खुलासा ती अजून मागतेय.

तर रोज संध्याकाळी बरोबर सहाला आई अडतीस पायऱ्या चढून टाकीपाशी जायची आणि टक्केसाहेब कार्यालयातून तिला फोन करायचे. दहा मिनिटं बोलणं. नळ पुन्हा गळायला लागलाय, शेजारणीच्या मांजराला चार पिल्लं झाली, शब्दकोड्यात आडवा चौदा काही केल्या सुटत नाही. मग भिंत धरून, एकेक पायरी तिरकं तिरकं होत ती खाली यायची. साहेबांनी हा सहाचा ठोका सात वर्षांत एकदाही चुकवला नव्हता. चुकवणार कसा? "आई गच्चीवर उभी असेल," असं म्हणून ते बैठकीतून उठले की मोठे साहेबसुद्धा मान हलवायचे.

आणि मग डॉक्टरांनी आईचा गुडघा पाहिला. गुडघा बदलावा लागेल, शस्त्रक्रिया दोन महिन्यांनी, आणि त्यानंतर निदान तीन महिने जिन्याचं नाव काढायचं नाही.

"म्हणजे आपलं बोलणं बंद का रे?" टाकीपाशी उभ्या उभ्या आईने विचारलं.

"छे! त्याच्या आत रेंज तुझ्या खाटेपर्यंत आणतो. शंभर टक्के," साहेब म्हणाले. शंभर टक्के हा आकडा त्यांनी आयुष्यात प्रथमच वापरला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दप्तर उघडलं. आईचं घर विभाग सतरामध्ये येत होतं. विभाग सतरा, तक्रारी शून्य, सेवा उत्कृष्ट. साहेब चक्रावले. मग त्यांना आपलाच नियम आठवला. लोक घरी बसून भलत्याच गावच्या तक्रारी करतात, म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यांनी एक तरतूद केली होती : जिथे सेवा मिळत नाही, त्याच जागेवरून, त्याच मोबाईलवरून तक्रार करावी, म्हणजे जागेची आपोआप खातरजमा होते. खोट्या तक्रारी एका महिन्यात ऐंशी टक्क्यांनी घटल्या होत्या. खऱ्या किती घटल्या, ते मोजायचा रकाना दप्तरात नव्हता.

आईने खाटेवरून तक्रारीचा फोन लावून पाहिला. अर्थातच लागला नाही. मग गच्चीवर जाऊन लावला.

"लागला रे!" तिने संध्याकाळी सांगितलं. "ती मुलगी इतकी गोड बोलली म्हणून सांगू! म्हणाली, आपण उभ्या आहात तिथे सेवा समाधानकारक आहे, धन्यवाद."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? मीही धन्यवाद म्हटलं. बिचारी दिवसभर बोलत असते."

तक्रारीचा मार्ग खुंटला, तसे साहेब प्रकाश विभागाकडे वळले. आईच्या उंबऱ्यापासून चार पावलांवर, रस्त्याखालून, कंपनीची काचतंतूंची जाडजूड केबल गेली होती. तिच्यातून दोन मोठ्या शहरांची सगळी बोलणी प्रकाशाच्या रूपात डोळ्याचं पातं लवायच्या आत धावत होती. तिला तिथे एक फाटा काढून दारावर छोटी पेटी बसवली असती, तर काम फत्ते होतं.

"प्रकाश तिथून जातो, साहेब. थांबत नाही," प्रकाश विभागाचे प्रमुख हळहळून म्हणाले. चष्मा कपाळावर चढवून तो घरभर शोधणाऱ्यांपैकी ते होते. "थांबा दिला की सेकंदाचा लाखावा भाग उशीर होणार. माझा वेगाचा क्रमांक खाली येईल."

"अहो, पण आई आहे माझी!"

"आईला माझा नमस्कार सांगा. पण दोन शहरं खोळंबवून ठेवायची का? तुम्ही रीतसर अर्ज द्या. तुमचे अर्ज हल्ली फार लवकर पोचतात म्हणे."

हे मात्र खरं होतं. नेटवर्कमध्ये संदेश कमी गर्दीच्या वाटेने पाठवतात, तीच पद्धत कंपनीने कार्यालयातल्या कागदांनाही लावली होती. ज्या टेबलावर सर्वांत कमी काम, तिकडे अर्ज आपोआप वळायचा. साहेबांचा अर्ज चार मिनिटांत पोचला. विक्रमच तो. दोन आठवडे उत्तर आलं नाही, म्हणून साहेब स्वतः तिसऱ्या मजल्यावर गेले. ते टेबल होतं अकरा महिन्यांपासून रजेवर असलेल्या एका कारकुनाचं. कार्यालयातलं सर्वांत कमी गर्दीचं टेबल! त्याच्यावर अर्जांचा ढीग छताला टेकायला आला होता, आणि मागून येणारे जमिनीवर नीट ओळीने रचले होते.

"पोचायला किती वेळ लागतो तेवढंच आपण मोजतो," शेजारच्या बाईंनी समजावलं. "पोचल्यावरचं मोजत नाही."

ही मोजणीही टक्केसाहेबांनीच बसवून दिली होती.

इकडे शस्त्रक्रियेला पाच आठवडे उरले, आणि वार्षिक आढावा आला. मोठ्या साहेबांनी पडद्यावरच्या तक्त्यात बोट खुपसलं.

"विभाग सतरा. तीन वर्षं शून्य तक्रारी! काय करतात काय हे लोक?"

टक्केसाहेबांनी तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात अभ्यासगट नेमला गेला. आठवड्याभरात त्याचा अहवाल आला. त्यात म्हटलं होतं : विभाग सतरामध्ये टॉवर नाही. तक्रारीचं मूळ सेवेत असतं. जिथे सेवाच पोचलेली नाही, तिथे तिच्याविषयी गैरसमज पसरण्यास वाव राहत नाही. सबब हा आदर्श अन्यत्रही राबवावा.

सर्वाधिक तक्रारी विभाग चारच्या होत्या. प्रायोगिक तत्त्वावर तिथले चारपैकी दोन टॉवर बंद करण्यात आले. तक्रारी निम्म्या झाल्या. उरलेले दोन बंद केले, तक्रारी संपल्या. विभाग चारला अभिनंदनाचा संदेश पाठवण्यात आला. तो पोचला नाही, पण त्याचीही तक्रार आली नाही.

आदर्श म्हटला की सत्कार आला. विभाग सतरामधली एक समाधानी ग्राहक व्यासपीठावर हवी, असं ठरलं. दप्तरात शोध घेता एकाच ग्राहकाने कंपनीला फोनवर धन्यवाद दिल्याची नोंद सापडली. टक्केसाहेबांनी नाव वाचलं आणि कपाळाला हात लावला.

आई आली. इस्त्रीची साडी, हातात पिशवी, पिशवीत शब्दकोड्याचं पान. व्यासपीठाच्या पायऱ्या पाहून म्हणाली, "या तर तीनच आहेत." शाल झाली, नारळ झाला, मग तिच्यासमोर माईक आला.

"माझी काही तक्रार नाही," आई म्हणाली. टाळ्यांचा कडकडाट झाला. तो थांबल्यावर म्हणाली, "मुलगा रोज फोन करतो, मी गच्चीवर जाऊन घेते. आता गुडघा बदलायचाय, मग जिना बंद. तेवढा फोन खाली खाटेवर लागेल असं केलंत तर बरं होईल. नाही जमलं तर राहू दे, तुम्हालाही कामं असतात."

पुढच्या रांगेतल्या वार्ताहराने वही उघडली. मोठे साहेब टक्केसाहेबांच्या कानाशी लागले.

"ही तक्रार झाली का हो?"

"विनंती आहे, साहेब. साठ टक्के."

"आणि उद्या छापून आली तर?"

"मग तक्रार."

"म्हणजे विभाग सतराचं शून्य गेलं? अहो, कालच ते शून्य चौकटीत बसवून दालनात लावलंय मी! उद्या दुपारच्या आत बाईंच्या खाटेवर रेंज पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत तीन गाड्या शिरल्या. प्रकाश विभागाचे प्रमुख बाह्या सरसावून खड्ड्याशी उभे होते. प्रकाश थांबला. दाराशेजारी पांढरी पेटी बसली, आणि तीन तास दहा मिनिटांत आईच्या खाटेवर पाच काड्या उगवल्या. टक्केसाहेबांचा अर्ज तिसऱ्या मजल्यावर अजून सुखरूप आहे.

त्या संध्याकाळी सहाला साहेबांनी फोन केला.

"अरे, मी आडवी पडून बोलतेय!" आई लहान मुलीसारखी हसली. साहेबांना हुंदकाच फुटला. बैठकीतल्या सगळ्यांनी पाहिलं, पण त्यांना लाज वाटली नाही.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण साहेबांची अजून एक देणगी सांगायची राहिली. नेटवर्कवर गर्दी झाली की कुणाचं बोलणं आधी पुढे सोडायचं, याची रांग त्यांनी आखून दिली होती. अ वर्ग : जे थांबलं तर आरडाओरडा होतो. ब वर्ग : जे थांबलं तर कुरकुर होते. क वर्ग : जे थांबलं तरी कुणी काही बोलत नाही. क वर्गाला जागा उरली तरच सोडायचं. सोपा नियम, जगभर चालण्यासारखा.

दुसऱ्या दिवशी सहाला बैठक रंगात आली होती. आई काही गच्चीवर उभी नव्हती, ती मजेत खाटेवर होती. फोन काय, आता केव्हाही लागत होता. साहेबांनी सव्वासहाला केला. पुढच्या आठवड्यात सातला. मग एक दिवस आड. मग आईनेच केला, तर म्हणाले, "आई, बैठकीत आहे, नंतर करतो हं." आई म्हणाली, "अरे, कर सावकाश."

शस्त्रक्रिया उत्तम झाली. साहेब दोन दिवस उशाशी बसले, अ वर्गाचे फोन घेत. तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, आता हरकत नाही, जिना चढा. त्या संध्याकाळी आई नव्या गुडघ्याने अडतीस पायऱ्या चढून गेली आणि टाकीला पाठ टेकून उभी राहिली. सहा वाजले. फोनवर पाच काड्या होत्या. सव्वासहापर्यंत ती थांबली, मग खाली आली. उतरताना तिला भिंत धरावी लागली नाही.

"अहो, आईंचं कसं चाललंय?" रात्री जेवताना बायकोने विचारलं.

"मजेत आहे. काही तक्रार नाही," टक्केसाहेब म्हणाले, आणि फोन वाजला म्हणून उठले.

वाचकहो, हसून झालं असेल तर आपलाही फोन जरा काढून बघा. काड्या भरलेल्या आहेत ना? आणि घरून काही तक्रार? नाही? मग आपलं अभिनंदन, सेवा उत्कृष्ट आहे. प्रशस्तिपत्र कुठे पाठवायचं तेवढं कळवा. आईच्या पत्त्यावर पाठवलं तरी चालेल, ती जपून ठेवेल.