नकाराचा हयातीचा दाखला

मला वाटलं होतं, आमच्या खासदारांनी संसदेत दिलेली मतं एखाद्या फायलीत असतील. ती त्यांच्या नेवरीच्या कार्यालयामागच्या व्हरांड्यात बाकांवर बसलेली होती, आणि मी गेले तेव्हा त्यांची पोह्यांची वेळ होती.

मी सहा वर्षं परदेशात सार्वजनिक धोरण शिकून परत आले होते. खासदारांनी कोणत्या विधेयकावर काय मत दिलं आणि का दिलं, याची एक साधी पुस्तिका काढून ती मतदारसंघातल्या घराघरात पोहोचवायची, असं मी विमानातच ठरवलं होतं. खासदार त्र्यंबकराव आडगावकर, म्हणजे भाऊसाहेब, चौथ्यांदा निवडून आले होते. त्यांनी परवानगी लगेच दिली. कार्यालयाचं सगळं रशीदभाई तांबोळी बघायचे. त्यांनी व्हरांड्याचं दार उघडून दिलं.

"मोजून घ्या मॅडम," ते म्हणाले. "एकशे त्र्याऐंशी होकार, एक नकार. त्या रिकाम्या खुर्च्या गैरहजेऱ्यांच्या. त्यांवर बसू नका, मागे एकदा तक्रार झाली होती."

दिल्लीत मत दिलं की ते चौथ्या दिवशी रेल्वेने मतदारसंघात येतं, छातीवर विधेयकाचा क्रमांक टाचलेला असतो, आणि मग त्याची राहण्याजेवण्याची व्यवस्था कार्यालयाला करावी लागते. हे मला कुठल्याच वर्गात शिकवलं नव्हतं. सगळ्यांचे चेहरे भाऊसाहेबांचेच होते, ज्या त्या वयाचे. पहिल्या बाकावर दाट मिशा होत्या, मधल्या बाकांवर पोट सुटत गेलं होतं, शेवटच्या बाकावर केस रंगवलेले होते.

मी प्रश्नावली काढून पहिल्या होकाराजवळ बसले. विधेयक वाचलं होतं का, विचारलं. हो, म्हणाला. त्यात नेमकं काय होतं? हो, म्हणाला. मग मी विचारलं की हा प्रश्न कळला नाही का. तेव्हाही हो म्हणाला. अकरा दिवसांत मी एकशे त्र्याऐंशी मुलाखती घेतल्या. बाराव्या दिवशी तांबोळीकाकांनी माझी वही चाळली आणि मला चहा पाठवला.

नकार बाकावर नसायचा. तो मोरीपाशी ताटल्या घासत असायचा. होकारांना ताटल्या उचला म्हटलं की ते हो म्हणायचे आणि बसून राहायचे. नकाराला म्हटलं की तो नाही म्हणायचा आणि उठायचा. चौदा वर्षं हे असंच चाललं होतं. तो बारीक होता, डोळ्यांखाली काळं होतं, आणि उभ्या उभ्या डुलकी घ्यायची त्याला सवय झाली होती.

तो गायरान विधेयकावरचा नकार होता. गावांच्या सामाईक चराऊ जमिनी कंपन्यांना देता याव्यात, यासाठीचं ते विधेयक. ते मोठ्या बहुमताने मंजूर झालं, पण आपल्याकडची तरतूद अशी आहे की ज्या मतदारसंघाचा नकार जिवंत आहे तिथे तो कायदा लागू होत नाही. म्हणून चारी बाजूंच्या तालुक्यांत गायरानावर गोदामं उभी राहिली आणि आमच्या मतदारसंघातल्या उंबरदरीत अजून मेंढ्या चरत होत्या. भाऊसाहेबांनी अख्ख्या कारकिर्दीत पक्षाविरुद्ध दिलेलं हे एकच मत. पुस्तिकेचं पहिलं पान मी त्याच्यासाठी राखून ठेवलं होतं.

दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, उंबरदरीहून कौतिकाबाई यायची. सत्तरीची बाई, मेंढ्या तिच्याच. ती भाकरी आणि ठेचा त्याच्या हातात द्यायची आणि विचारायची, "काय रं, अजून नाहीच ना?"

"नाहीच," तो म्हणायचा.

"मग ठीक," म्हणून ती पिशवी झटकून निघायची.

नोव्हेंबरच्या शेवटी मतांचे हयातीचे दाखले भरतात. तहसीलहून अंगठ्याचं यंत्र येतं, प्रत्येक मताने त्यावर अंगठा ठेवायचा, हिरवा दिवा लागला की पुढचं वर्ष. तीस तारखेच्या संध्याकाळी पाचपर्यंत ज्याचा दाखला होत नाही ते मत मृत धरतात आणि सदस्याची नोंद पक्षाच्या बाजूने दुरुस्त होते. अठ्ठावीस तारखेला होकारांचे दाखले भराभर झाले. नकाराच्या अंगठ्याला दिवा लागेना. पुसून पाहिला, तेल लावून पाहिलं, दुसरा अंगठा पाहिला. राखेने ताटल्या घासून घासून रेषाच उरल्या नव्हत्या.

"दरवर्षी दोन-तीनदा घ्यावा लागायचा," तांबोळीकाका म्हणाले. "यंदा गेलाच बघा."

शेवटच्या बाकावरच्या एका होकाराला ते ऐकून बरं वाटलं असावं. "हो," तो आपणहून म्हणाला.

"तुला कुणी विचारलं?" तांबोळीकाका म्हणाले.

"हो," तो म्हणाला.

अंगठा चालत नसेल तर मत देणाऱ्या सदस्याने समक्ष ओळख पटवून सही करायची, असा नियम होता. मी भाऊसाहेबांना तीन फोन केले, दोन निरोप ठेवले, आणि एकोणतीस तारखेला दुपारी ते दोन लग्नांच्या मधल्या वेळात आले. खांद्यावर अक्षता होत्या. मी नकाराला धुतलेला सदरा घालून समोर उभं केलं होतं.

"हा मी?" भाऊसाहेब म्हणाले.

"तेव्हा बारीक होतात तुम्ही," तांबोळीकाका म्हणाले.

भाऊसाहेबांनी चष्मा लावून त्याला नीट पाहिलं, मग काढून खिशात ठेवला. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, तुमच्याशी खोटं बोलत नाही. त्या दिवशी चष्मा मुक्कामावर राहिला होता. हिरवं समजून मी लाल दाबलं. दुरुस्तीची चिठ्ठी मागवली, तेवढ्यात सभागृह जेवायला सुटलं."

"पण उंबरदरीच्या सभेत तुम्ही म्हणालात की हे तुमच्या विवेकाचं मत आहे. माझ्याकडे भाषणाचं कात्रण आहे."

"लोकांनी वाजतगाजत हार आणला होता. हार गळ्यात पडल्यावर चष्म्याचं कसं सांगायचं?"

"मग आता सही करा. तेच पुढे चालू द्या."

"भाषण वेगळं आणि सरकारी कागद वेगळा. कागदावर विचारलंय, हे मत आपण जाणीवपूर्वक दिलं होतं का. तिथं खोटं लिहायचं मला नाही जमायचं." ते उठले. "शिवाय दिल्लीत मंत्रिपदासाठी माझं नाव चाललंय. तिथं विचारतात, चौदा वर्षं त्याला जेवायला कशाला घालता म्हणून. काय सांगू?"

जाताना त्यांनी नकाराच्या खांद्यावर हात ठेवला. "लई दमलास बाबा तू," असं म्हणाले आणि दुसऱ्या लग्नाला गेले. ते मनापासून म्हणाले होते, त्यामुळे मला नीट रागही आला नाही.

मी पुस्तिकेचं पहिलं पान फाडलं. मग मोरीजवळच्या पायरीवर नकाराशेजारी जाऊन बसले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही," तो सवयीने म्हणाला. मग एक ताटली पुसत, "ठाऊक होतं. निघतानाच कळलं होतं. निरोप द्यायला सुद्धा कुणी थांबलं नाही."

"मग इतकी वर्षं कशाला राहिलात?"

"पहिलं वर्षभर मी चुकूनच होतो. मग कौतिकाबाई यायला लागली. दर मंगळवारी तिला तेच सांगायचं. साडेसहाशेच्या वर वेळा सांगितलं असेल. इतक्या वेळा सांगितलेलं चुकून कसं राहील?" त्याने हातातली ताटली पालथी घातली. "पण आता झोप येते हो. दाखला नाही झाला तर मी आडवा होईन. वाईट वाटेल ते तिचं. परवा मंगळवार आहे."

मी प्रश्नावली उघडली आणि मिटली. त्याला विचारण्यासारखं तिच्यात काही नव्हतं.

तांबोळीकाका कुलूप घेऊन आले होते. त्यांनी आमचं ऐकलं असावं, कारण कुलपाबरोबर हातात एक जुना छापील कागदही होता. "एक सोय आहे," ते म्हणाले. "नमुना सतरा. मतदारसंघातल्या कुणाही मतदाराला असं मत आपल्या नावावर करून घरी नेता येतं. मग अंगठा मतदाराचा चालतो, दरवर्षी."

"मग कौतिकाबाईंनाच—"

"उंबरदरीच्या कुणाला नाही चालत. हितसंबंध येतो. आणि एका माणसाकडे दोन मतं राहत नाहीत. नाव मतदारयादीतून जातं, ते कायमचंच. परत घालता येत नाही."

"आजवर कुणी नेलंय?"

"एका मास्तरांनी नेला होता, होकार. तीन महिन्यांत परत आणून दिला. म्हणाले, घरात कुणीच कशाला नाही म्हणेना." त्यांनी कागद माझ्या वहीत सरकवला. "मी स्वतः नेला असता मॅडम. पण कर्मचाऱ्याला चालत नाही. ते मी चौदा वर्षांपूर्वीच बघून ठेवलंय."

माझं मतदार ओळखपत्र तीन आठवड्यांपूर्वी आलं होतं, नेवरीतल्या आमच्या घराच्या पत्त्याचं. अठरा वर्षांची झाले तेव्हा मी तिकडे होते, त्यामुळे मी आजवर एकदाही मत दिलेलं नव्हतं. परत का आलीस, असं घरी विचारलं तेव्हा मी खरोखर एवढंच सांगितलं होतं की मला मत द्यायचंय. वडील हसले होते. त्या संध्याकाळी मी ते कार्ड टेबलावर ठेवून जेवले. आईने विचारलं, तब्येत बरी आहे ना. बरी आहे, म्हटलं.

सकाळी साडेनऊला मी कार्यालयात गेले. तांबोळीकाका यंत्र पुसत होते. मी कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, अजून कोरं आहे, एवढंच म्हणाले, आणि यंत्र माझ्याकडे वळवलं. पहिल्याच खेपेला दिवा लागला. नकार दाराशी उभा होता. त्याच्याकडे सामान असं काही नव्हतं, छातीवरचा क्रमांक तेवढा.

"नाव कमी करण्याचं कारण लागेल," तांबोळीकाका म्हणाले. "मृत, दुबार किंवा स्थलांतरित. यातलं एकच."

"चौथं काही?"

"नाही."

मी स्थलांतरित लिहिलं. पुढच्या रकान्यात विचारलं होतं, कोठे. मी नेवरी लिहिलं आणि सही केली.