डळमळत्या स्टुलाचे रसग्रहण

चांगल्या छायाचित्रात काय पाहायचे नाही, हे ज्याला कळले त्याला कला कळली. आईला ती अजून कळायची होती.

छायाचित्र तिचेच होते. वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढायला ती स्टुलावर चढली होती. स्टुलाचा एक पाय तीन महिन्यांपासून ढिला (तक्रारी तोंडी, रोज दोन वेळा). टाचा उचलल्या, हात लांबवला, बोट डब्याला लागले, लागले आणि निसटले.

"अरे, धर रे!" ती ओरडली.

लेक धावत आला. "हलू नकोस गं आई, काय सुरेख उजेड पडलाय!"

लेक गुणी छायाचित्रकार होता, याबद्दल दुमत नाही. 'आकांक्षा' या नावाने त्या फोटोला रसग्रहण मंडळाचे पहिले पारितोषिक मिळाले.

मंडळाची शिस्त वाखाणण्याजोगी. रसिकाने चित्रापासून सात पावलांवर उभे राहावे, मान डावीकडे कलती करावी, हनुवटीला दोन बोटे लावावीत (तीन लावल्यास दाढ दुखत असल्याचा गैरसमज होतो) आणि किमान एकदा 'हं' म्हणावे. 'छान' हा शब्द मंडळाने दोन वर्षांपूर्वीच रद्द केला आहे. प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी दोनशे बारा रसिक आले. पैकी दोनशे नऊ जणांना चित्रात ताण जाणवला. दोघे पंख्याखाली उभे होते. उरला एक, तो शेजारचा सुतार.

सुतार सात पावलांची मर्यादा ओलांडून थेट काचेला नाक टेकेपर्यंत गेला आणि तिथेच उभ्या असलेल्या आईकडे वळला.

"वहिनी, हा पाय ढिला आहे की!"

"तेच सांगतेय भाऊजी, तीन महिने!"

"पडाल एखाद्या दिवशी."

"हळू बोला हो," मंडळाचे अध्यक्ष कळवळले. "तो डळमळीतपणा चित्राचा प्राण आहे."

"आणि माझा प्राण?" आईने विचारले.

अध्यक्षांनी मान कलती केली आणि 'हं' म्हटले.

सुताराला रसिकतेत नापास करण्यात आले. लेकाकडे मालिकेतले दुसरे चित्र मागवण्यात आले. स्टूल मूळ अवस्थेतच जतन करावे, अशी लेखी अट घालून.

रविवारी सकाळी सुतार हातोडी घेऊन हजर. लेकाने मंडळाचे पत्र पुढे केले. आईने दोघांसाठी चहा टाकला आणि साखरेसाठी स्टुलावर चढली. तिने 'धर' म्हणायच्या आत हातोडी खाली पडली आणि सुताराच्या दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरले. लेकाने फोटो काढला. डबा खाली आला, डब्यामागून आई खाली आली. मग सुताराने पत्राची जाड घडी केली आणि ढिल्या सांध्यात ठोकून बसवली. स्टूल आता हलत नाही (मंडळाच्या अन्य कोणत्याही पत्राचा इतका उपयोग झाल्याची नोंद नाही).

दुसऱ्या चित्रावर शेरा आला: 'भाव उत्कट. मात्र खालचे दोन हात रचना बिघडवतात. कापावेत.'

लेकाने कापले. कापलेली पट्टी आईने साखरेच्या डब्यावर चिकटवली. डबा आता खालच्या फळीवर असतो.

रसिक वाचकहो, तुम्ही इथवर मन लावून वाचलेत, ही अभिनंदनाची बाब आहे. मघाशी आतून कोणीतरी दोनदा हाक मारली, तेव्हा तुम्ही 'हं' म्हणालात, तेही नियमाला धरूनच.