ग्रिडला जोडण्याआधी जरा समजून घ्या!

"आज माझी वीज तारेत गेली नाही, तर उद्यापासून हे गॅरेज तुमच्या गाडीला!" बाईंनी सकाळीच यजमानांना ठणकावून सांगितलं.

यजमान लगेच गाडी पुसायला धावले. बायकोवर इतका विश्वास!

बाई निवृत्त विज्ञानशिक्षिका. गॅरेजमध्ये त्यांनी कपाटाएवढा फ्युएल सेल बसवला होता. सिलिंडरमधला हायड्रोजन एका बाजूने आत, हवा दुसऱ्या बाजूने आत, आणि बाहेर वीज नि थोडंसं पाणी. ना धूर, ना धडधड! ही वीज शहराच्या ग्रिडला, म्हणजे तारांच्या जाळ्याला द्यायची, असा बाईंनी पणच केला होता. पण वीज कंपनीचे साहेब दोनदा येऊन नकारार्थी मान हलवून गेले होते. आजची संधी शेवटची.

साहेब येण्याआधीच बाईंनी यंत्र सुरू करून, गरम करून ठेवलं होतं.

"हं, जोडा," साहेब म्हणाले.

बाईंनी तिथेच खटका दाबला असता, तर सगळं सुरळीत झालं असतं. पण समोर आलेल्या माणसाला काही न शिकवता सोडायचं, हे त्यांच्या रक्तातच नव्हतं!

"जोडते. पण आधी समजून तर घ्या!"

"बाई, मी इंजिनिअर आहे."

"माझ्या वर्गातली मुलंही 'मला येतं' असंच म्हणायची. चिंगे, तुझी दोरी आण!"

नात उड्यांची दोरी घेऊन पळत आली. एक टोक साहेबांच्या हाती, दुसरं यजमानांच्या.

"फिरवा! ही दोरी म्हणजे ग्रिड. ती आपल्या तालात फिरतेय. चिंगे, मध्येच कशीही घुसलीस तर?"

"थोबाडीत बसेल!"

"शाब्बास! म्हणून आधी ताल जुळवायचा, मगच आत शिरायचं. आपल्या विजेचंही तसंच!"

चिंगी झोकात आत शिरली. यजमानांची नजर मात्र सिलिंडरच्या घसरत्या काट्यावर गेली.

"अगं, तो काटा बघ..."

"दोरीकडे बघा! तुमच्यामुळे ग्रिड डगमगतंय!" बाई कडाडल्या. "साहेब, आता तुमची पाळी."

"माझी?"

"जोडणी तपासता, आणि स्वतः कधी जोडले गेला नाहीत?"

साहेबांनी दोरीचं टोक चिंगीच्या हाती दिलं, पँट वर ओढली आणि बकऱ्यासारखी उडी मारली. दोरी नडगीवर बसली. पुढच्या उडीला चष्मा एका कानावर लोंबकळला.

"पुन्हा!" बाई शांतपणे म्हणाल्या. "घाई नको. आधी नुसता ताल ऐका."

अखेर साहेबांना जमलं! मग ते थांबेचनात. घामाघूम होऊन, शाळा सुटल्यासारखे उड्या मारत राहिले.

"अगं, काटा तळाला..."

"शिकवताना मध्ये बोलू नका म्हटलं ना!"

साहेब दमल्यावर बाईंनी ऐटीत खटका दाबला. हिरवा दिवा लागला! ग्रिडशी ताल जुळला! चिंगीने टाळी वाजवायला हात वर केले, आणि खट्! दिवा विझला.

सिलिंडर ठणठणीत रिकामा.

बाईंचा चेहरा टाचणी लागलेल्या फुग्यासारखा झाला. यजमानांनी खिशातली गाडीची किल्ली हळूच बाहेर काढली.

धापा टाकत साहेब वाकले, मीटर पाहिला, जोडणी पाहिली.

"पास!"

"काय?" बाई किंचाळल्या.

"ताल जुळलेला मी पाहिला. दुसरी चाचणी पुढच्या महिन्यात घेणार होतो. इंधन संपलं की यंत्राने आपणहून ग्रिडपासून सुटायचं असतं. नाहीतर वीज द्यायचं सोडून ते आमचीच ओढत बसतं. ती चाचणीही आजच झाली! बाई, तुमच्या यंत्राला कुठे थांबायचं ते अगदी नेमकं कळतं."

यजमानांनी किल्ली परत खिशात घातली.

"चला," ते सुस्कारा टाकून म्हणाले, "या घरात एकाला तरी कळतं!"