पहिला वॉचमनच मरतो

भुताच्या विनोदी सिनेमात पहिला मुडदा पडला की आम्ही सगळे ओरडायचो, मग एकमेकांकडं बघून हसायचो, आणि सोपानमामा रिमोट उचलून सिनेमा थांबवायचे. टीव्हीवर हवेलीचा म्हातारा वॉचमन डोळे पांढरे करून आडवा पडलेला असायचा, शेजारी कंदील कलंडलेला. मामा खोलीभर नजर फिरवायचे आणि विचारायचे, "ह्याच्या घरी कळवलं का?"

"मामा, पिक्चर हाय तो. लावा की पुढं."

"पिक्चर हाय ते मलाबी दिसतंय. पर माणूस मेला का न्हाई? आता बघा, लगेच गाणं लागंल."

बटण दाबलं की खरंच गाणं लागायचं. हिरो-हिरॉईन त्याच हवेलीच्या गच्चीवर नाचायला मोकळे. खाली वॉचमन तसाच पडलेला. मामा मान हलवायचे, जणू दिग्दर्शकानं मुद्दाम त्यांचा अपमान केला होता.

दोन हजार सालच्या आगेमागे मी शिरूरजवळच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात क्लार्क होतो. मामा तिथंच गेटवर सिक्युरिटी गार्ड. गाव वडगाव रासाई, वय पन्नाशीच्या पुढं, बायको वारलेली, मुलगी लांब दिलेली. आम्ही शिरूरला एकाच चाळीत भाड्यानं राहायचो. गुरुवारी सुट्टी. त्या दिवशी दुपारी चाळीतले पाच-सहा जण मिळून सीडी प्लेअर भाड्यानं आणायचे, वर तीन सिनेमे. एक मारामारीचा, एक विनोदी, आणि एक भुताचा विनोदी, कारण नुसत्या भुताला आमच्यातले निम्मे घाबरायचे. मामांना कुणी बोलवायचं नाही. ते आपली सतरंजी घेऊन यायचे आणि बरोब्बर टीव्हीसमोर बसायचे.

खरं सांगतो, मला हा माणूस डोक्यात जायचा. आठवडाभर लोकांच्या उशिरा येण्याचे अर्धे दिवस कापून मी स्वतःच आंबून गेलेलो असायचो. मला गुरुवारी खदाखदा हसायचं असायचं, कशावरही. पाटलूण सुटली तरी चालेल. आणि शेजारी हा यमदूत बसलेला.

हवेलीचे सिनेमे ते ड्युटीवर असल्यासारखे बघायचे. "ह्याचा रिलिव्हर कुठाय? चोवीस तास एकच माणूस? आन् एवढ्या थंडीत अंगावर फाटकी घोंगडी. भूत ऱ्हाऊ द्या, ह्यो न्युमोनियानंच जाईल." हिरोची गाडी फाटकातून सुसाट आत शिरली की ते उसळायचे. "एंट्री न्हाई, डिकी तपासली न्हाई, थेट हॉलमदी! मग भूत आत शिरंल न्हाई तर काय व्हईल?" एकदा पांढऱ्या साडीतली बाई भिंतीतून आरपार गेली. आम्ही उश्या आवळून धरलेल्या. मामा म्हणाले, "बघा. कंपाउंडचं काम निकृष्ट हाय."

आता हे लिहिताना मला हसू येतंय. तेव्हा उशी फेकून मारावीशी वाटायची.

सिनेमा संपला की ते शेरा द्यायचे. गेटवरच्या रजिस्टरात शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो, त्याची त्यांना सवय. शेवटी भुताचा मुखवटा ओढला आणि आत इस्टेटीवर डोळा ठेवून बसलेला काका निघाला, की शेरा ठरलेला. "भूत बनावट. माल परत." गोदामात सगळे एकमेकांच्या अंगावर पिठाची पोती फोडतात तशा शेवटाला, "पीठ वाया. झाडणार कोण, त्याचा उल्लेख न्हाई."

विनोदी सिनेमात तर ते हसायचेच नाहीत. एकदाही नाही. जाडा माणूस जिन्यावरून गडगडत आला की आम्ही लोळायचो आणि मामा तोंड कसंनुसं करायचे. "माकडहाड गेलं त्याचं. कामगार विम्याचं ते ईएसआयचं कार्ड हाय का?" तोतऱ्या नोकराची सगळ्यांनी टर उडवली की म्हणायचे, "त्याच्या आईला इचारा हसू येतंय का ते." मी एकदा वैतागून म्हणालो, "मामा, तुमाला हसायचंच न्हाई तर येता कशाला?" ते म्हणाले, "तुमी हसताना बरं वाटतं, दत्ता. मी आपला राखण करतो." मला वाटलं, म्हातारा टोमणा मारतोय.

त्यांचं जमायचं फक्त मुन्नाशी. मुन्ना बिहारचा, चाळिशीचा, ठेकेदाराकडून आमच्याकडं लोडिंगला होता. हाडाचा नकलाकार. सिनेमा संपला की चादर पांघरून हवेलीची भुतीण व्हायचा, लगेच चादर टाकून वॉचमन व्हायचा, छाती धरून मामांच्या सतरंजीवर कोसळायचा आणि म्हणायचा, "चाचा, हम तो मर गए. घर पे खबर कर दीजिए." मामा दाताखाली जीभ धरून, तोंडावर टॉवेल दाबून बसायचे. ते हसतच होते अशी मी शपथ घेणार नाही, पण खांदे हलायचे.

मुन्ना हे त्याचं नाव नव्हतं. हे आख्ख्या कारखान्यात फक्त मला आणि ठेकेदाराला माहीत होतं. खरा मुन्ना दुसराच, तो आदल्या वर्षी गावी गेला आणि तिथंच राहिला. ठेकेदारानं त्याचा गेटपास ठेवून घेतला आणि त्याच गावचा दुसरा माणूस आला तेव्हा तोच पास त्याच्या हातात दिला. नवा माणूस दाखवायचा म्हणजे नवा फॉर्म, नवे दाखले, दहा सह्या. त्यापेक्षा जुनं नाव, नवा माणूस. अशी रीतच पडली होती; ठेकेदाराची माणसं इतकी बदलायची की गेटवरही चेहरे कुणाच्या लक्षात राहायचे नाहीत. मी फक्त जुना फोटो उचकटायचो, नवा चिकटवायचो आणि शिक्का मारायचो. त्याचं नाव हरिचरण. "अब तुम मुन्ना हो," असं मीच त्याला सांगितलं होतं, आणि त्या नटानं ते काम शेवटपर्यंत चोख केलं.

एका मंगळवारी त्याला शेडवर फुटके पत्रे बदलायला चढवलं. ते काही लोडिंगवाल्याचं काम नव्हे. सिमेंटचा पत्रा मोडला आणि मुन्ना खालच्या मशीनच्या चौथऱ्यावर पडला. जागच्या जागी गेला. ठेकेदारानं दवाखाना, पंचनामा सगळं धावपळ करून उरकलं आणि दुसऱ्या दिवशी नदीकाठी अग्नीही दिला. मुन्नाच्या मागे कुणी नाही, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं.

मामा ठेकेदाराकडं गेले. "ह्याच्या घरी कळवलं का?" तो म्हणाला, बघू. साहेबाकडं गेले. साहेब म्हणाले, ते ठेकेदाराचं काम. मग माझ्या टेबलापुढं येऊन उभे राहिले. मी मस्टरमधून मान वर न काढता म्हणालो, "कळवतील, मामा. तुम्ही तुमची ड्युटी करा."

तेव्हाच खरं नाव सांगायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं. पण पासवर शिक्का माझा होता, आणि मला नोकरी प्यारी होती. एवढंच कारण. याहून मोठं कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न करून पाहिलाय.

मामांनी ऑफिसच्या फायलीतून मुन्नाचा जुना फॉर्म काढून घेतला. त्यावर त्याच्या गावातल्या एका दुकानाचा फोन नंबर होता. गेटसमोरच्या एसटीडी बूथवरून त्यांनी फोन लावला आणि मोडक्या हिंदीत सांगितलं, मुन्ना गेला, घरच्यांना बोलवा, तासाभरानं परत करतो. तास होईपर्यंत ते बूथच्या पायरीवर बसून राहिले. जेवणाची सुट्टी होती, चार माणसं भोवती जमली. फोन पुन्हा लागला. पलीकडून एक माणूस मोठ्यानं हसत म्हणाला, "चाचा, मैं मुन्ना बोल रहा हूँ!"

बूथवाल्यानं ते ऐकलं, जमलेल्यांनीही ऐकलं. पाचव्या मिनिटाला कँटीनभर झालं. मामांच्या फोनवर भूत बोललं! भुतानं स्वतः फोन उचलला! लोक ताटं ठेवून हसत होते. अशी कॉमेडी कुठल्या सीडीत मिळाली नसती. आणि मी, ज्याला त्या कँटीनमध्ये एकट्याला ठाऊक होतं की यात हसण्यासारखं काहीही नाही, तोही हसलो. थू माझ्या जिंदगानीवर, पण हसलो.

मामा ऑफिसात आले. दार लोटून घेतलं.

"दत्ता, आपल्यात हरिचरण कोण हाय?"

मी मस्टर मिटलं.

"त्यो मुन्ना म्हणतोय, आमच्या गावचा हरिचरण तिथंच कामाला हाय, त्याला फोनवर बोलवा. त्याची बायको इथं हुबी हाय, तिला बोलायचंय. तिनं मुन्नाच्या आईला तासभर धरून ठिवलं हुतं, आन् मुन्ना रानातनं चालत आला तवा तीच सगळ्यात जास्ती हसली. मला तिचं हसणं आयकू येत हुतं, दत्ता. मी 'बुलाता हूँ' म्हणलो आन् फोन ठिवला. सांग. हरिचरण कोण?"

मी सांगितलं. पास, फोटो, शिक्का, सगळं. मला वाटलं थोबाडीत बसेल. बसली असती तर बरं झालं असतं. मामा खुर्चीवर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आता फोन केला तर तिला चेष्टाच वाटंल," ते म्हणाले. "आधीच एक खोटा निरोप माझ्याच त्वांडनं गेलाय. आता जावंच लागंल."

सिक्युरिटीच्या एजन्सीनं रजा नाकारली. गेलात तर येऊ नका, म्हणाले. मामा दुसऱ्या दिवशी सकाळी दौंडच्या एसटीत बसले, तिथं मनमाडमार्गे बिहारला जाणारी रेल्वे मिळते म्हणून. गुरुवार होता, मीही शेजारी जाऊन बसलो. त्यांच्या पिशवीत हरिचरणचा चौकड्याचा शर्ट आणि कंगवा होता. मी पासवरचा फोटो उचकटून आणला होता, तो त्यांना दिला. त्यांनी तो वरच्या खिशात ठेवला आणि बटण लावलं.

गाडीला दोन तास उशीर होता. दौंडच्या फलाटावर बाकड्यावर बसून मामांनी तंबाखू मळली आणि तोंडात न टाकताच बोलायला लागले.

"माझा बा मुंबैला गोदामावर वॉचमन हुता. गेला तवा कुणी कळवलं न्हाई. बावीस दिसांनी गावचा एक माणूस सुट्टीवर आला, त्याच्याकडनं कळलं. त्या बावीस दिसांत आमी काय केलं? तळेगावच्या जत्रंला गेलो. तंबूत कॉमेडी पिक्चर लागला हुता. आई इतकी हसली, इतकी हसली, की डोळं पुसायला पदर पुरंना. मी तिच्या मांडीवर पडून हसत हुतो. मागनं दिस मोजलं तर बा जाऊन चार दिस झालं हुतं. त्यानंतर आई कवा हसली न्हाई. म्हणायची, मालक तिकडं गेलं आन् मी हितं दात काढीत हुते."

इतकी वर्षं मी या माणसावर चिडत होतो.

"दत्ता, तुझं हिंदी बरं हाय. बाईमाणसाला हळू कसं सांगायचं? मला पिक्चरमधलंच ठावं. 'मर गया', 'खून हो गया'. तसलं न्हाई चालायचं."

मी त्यांना दोन-तीन वाक्यं सांगितली. ती त्यांच्या जिभेवर बसेनात. मग म्हणाले, "तू तिच्या जागी बस. मी सांगतो." मी बाकड्याच्या टोकाला सरकलो. ते समोर उभे राहिले, टोपी काढून दोन्ही हातांत धरली. "बहनजी, मैं शिरूर से आया हूँ. आपके हरिचरण के साथ काम करता था." एवढं नीट झालं. पुढचं वाक्य आलं की थांबायचे आणि पुन्हा बहनजीपासून सुरू करायचे. शेजारच्या बाकड्यावरची माणसं आमच्याकडं बघून हसायला लागली. त्यांना वाटलं नाटकाची तालीम चाललीय. पाचव्या वेळी त्यांनी वाक्य पुरं केलं, आणि मला, नुसतं बाकड्यावर बसलेल्या मला, हुंदका आवरेना.

मामा माझ्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. गाडीची घोषणा झाली.

"मी पोचंन तवा ती हसत असली तर, रं?" ते म्हणाले.

मी त्यांची पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली.

"तर दाराशी बसून ऱ्हाईन," ते स्वतःशीच म्हणाले. "तिचं हसून होऊ दीन. मग सांगंन."

जनरल डब्यात उभं राहायलाही जागा नव्हती. लोकांनी त्यांना पिशवीसकट आत ओढून घेतलं. मी परतीची एसटी पकडली आणि शुक्रवारी वेळेवर कामावर हजर झालो. मस्टर पुढं ओढून मुन्नाच्या नावापुढं, ठेकेदारानं सांगितलं तसं, अपघाताच्या आदल्या दिवसाची तारीख टाकून 'काम सोडून गेला' लिहिलं. त्या दिवशीही मला नोकरी प्यारीच होती.