दोरीवरचा पांढरा सदरा

"विकतचं दुपटं म्हणजे विकतची माया," लेपोसावानं कॉफीचा कप बशीत आपटून जाहीर केलं. "आपलं पोर आपल्याच माणसांच्या कापडाखाली निजेल. शिवणार मी."

घरातल्या सगळ्यांनी आपापल्या बाह्या सावरल्या. मागच्या खेपेला तिनं उशीचा अभ्रा शिवला, तेव्हा त्याबरोबर स्वतःच्या झग्याची बाहीही शिवली होती आणि उशी काखेत लटकवून ती कात्री मागत शेजारणीकडे गेली होती.

"काकू, कशाला त्रास?" नेवेना म्हणाली. नेवेना तिची पुतणी. दिवस भरत आलेले, उठायला दोघींचा आधार लागायचा. हे ऐकून मात्र ती आपली आपण उठली.

"शिवू दे गं," नेवेनाची आई स्तामेन्का म्हणाली. ही लेपोसावाची थोरली जाऊ. "पोराला दोन दुपटी लागतातच, एक खाली अंथरायला. अंगावर घालायचं मी आणून ठेवते."

घाव वर्मी बसला. आता लेपोसावाला आयुष्यात एकच हवं होतं: बाळंतविड्याला जमलेल्या बायकांसमोर जाऊबाईंच्या तोंडून एकदा 'छान' ऐकायचं.

तिनं फर्मान काढलं: ज्याला जे जुनेर द्यायचं असेल, त्यानं ते अंगणातल्या दोरीवर टाकावं. दिराचं पोतेरं झालेलं गंजीफ्रॉक आलं, स्तामेन्काचा विटका एप्रन आला. आणि टोकाला एक पांढराशुभ्र तागाचा सदरा, कॉलरीवर सासूबाईंच्या हातचं लाल भरतकाम, वास पिकल्या बिही फळांचा.

"मामंजींचं मन किती मोठं," लेपोसावा गहिवरली आणि तिनं कात्री चालवली.

संध्याकाळी मामंजी, म्हणजे नव्वदी ओलांडलेले स्वेतोझार, दोरीखाली बराच वेळ उभे होते. "वाऱ्यानं नेला वाटतं," ते पुटपुटले. लेपोसावाला ऐकायला सवड नव्हती. तिची बाही पुन्हा अडकली होती.

बाळ झालं. गावच्या बायका 'पोगाचा' म्हणतात तो गोल रोट आणि अंडी घेऊन आल्या. लेपोसावानं दुपटं झटकून बाळाच्या अंगावर पसरलं. कडा घाटातल्या रस्त्यासारख्या वळल्या होत्या, पण मधोमध ते लाल भरतकाम असं खुललं होतं की बायका पुढे सरकल्या.

"छान आहे हो," स्तामेन्का म्हणाली.

लेपोसावा तो शब्द नीट गिळते न गिळते, तोच काठी टेकत मामंजी आले. पणतूपाशी वाकले. भरतकामावरून बोट फिरवलं.

"अगं, हा तर माझा जायचा सदरा."

गावातला प्रत्येक म्हातारा आपली शेवटची कापडं पेटीत बिहीच्या वासात जपून ठेवतो आणि वर्षातून एकदा ऊन दाखवायला दोरीवर टाकतो. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. लेपोसावालाही ठाऊक होतं. कात्री हातात नसताना ती तशी शहाणी होती.

अपशकुन टळावा म्हणून एक म्हातारी डावीकडे थुंकली. नेवेनानं बाळाला दुपट्याखालून ओढून छातीशी धरलं.

"तिरडीचं कापड पाळण्यात," स्तामेन्का म्हणाली. "यापेक्षा उघडं निजलं असतं तर बरं."

लेपोसावाची मान खाली गेली. स्वतःच्या चपला तिनं इतक्या निरखून कधी पाहिल्या नव्हत्या. पोराला शिंक जरी आली, तरी गाव तिचंच नाव घेणार होतं.

मामंजी खाटेवर टेकले. "नेवेना, घाल ते त्याच्या अंगावर. हे तर बरंच झालं. आता मला जायला अंगावर घालायला कापडच नाही. म्हणजे थांबावं लागणार. याचे दात बघूनच जाईन."

थुंकलेली म्हातारी आधी हसली. मग बाकीच्या. नेवेनानं जरा घाबरतच बाळाला पुन्हा दुपट्यात गुंडाळलं. ते झोपलंच होतं.

लेपोसावानं म्हाताऱ्याचे हात धरले. "मामंजी, फार चुकलं माझं. उद्याच्या उद्या तुम्हाला दुसरा सदरा शिवते. अगदी तस्सा."

म्हाताऱ्यानं दुपट्याच्या नागमोडी कडांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"लेपोसावा, माझं एक ऐकशील?"

"काय म्हणाल ते, मामंजी."

"विकतचा आण."