रीतसर आई

आई माणसाला जन्मतःच आणि विनासायास मिळते. तिला एका देशातून दुसऱ्या देशात न्यायचं असेल, तर मात्र ती आधी सिद्ध करावी लागते. यात नवल वाटण्यासारखं काही नाही. कोणीही उठावं आणि कोणालाही आई म्हणून घेऊन यावं, असं चालू दिलं तर सीमेवर आयांची रीघ लागेल, आणि आत आलेली प्रत्येक आई आल्या आल्या घर आवरायला काढेल. कुठल्याही सार्वभौम राष्ट्राला हे परवडणारं नाही.

हे शहाणपण एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला जरा उशिराच कळलं. तो आपला देश सोडून दुसऱ्या देशात गेला होता, आणि तोही अगदी सरळ मार्गाने. तिथल्या उंच इमारतींच्या लिफ्ट बंद पडत आणि तो त्या चालू करी. रांगेत उभं राहून, वेळेवर कर भरून आणि कुठेही न थुंकता त्याने तिथे कायम राहण्याचा परवाना मिळवला होता. बायको दातांच्या दवाखान्यात कामाला होती, मुलगी शाळेत जात होती. कशाला काही कमी नव्हतं. फक्त मुलीची अशी समजूत होती, की आजी ही काचेमागे राहणारी आणि बोलता बोलता मध्येच गोठणारी वस्तू आहे. "आजी थांबली," ती सांगे, आणि कोणीतरी येऊन आजी पुन्हा चालू करून देई.

आजी, म्हणजे त्याची आई, मागे राहून नळाच्या सामानाचं दुकान चालवत होती. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, दुकान विकून टाका. तिने लोकांचं ऐकून घेतलं आणि त्यांना वॉशर विकले. तेव्हापासून ती एकटीच दुकान उघडत होती, शिडीवर चढून पाइप काढत होती आणि उधारी मागणाऱ्याकडे असं बघत होती, की तो रोख देऊन वर आभार मानी.

एका रविवारी मायलेकांचं फोनवरचं बोलणं संपलं. तब्येत झाली, हवा झाली, नातीचा दात पडला तेही झालं. पण फोन कोणीच ठेवला नाही. ती तिकडे स्क्रू निवडत बसली, हा इकडे एका लिफ्टचा नकाशा बघत बसला. असा बराच वेळ गेला. मग तिने वर पाहिलं आणि दचकून म्हणाली, "अरे, तू आहेस होय अजून?"

त्याने नकाशा बाजूला ठेवला.

"आई, तू इकडेच ये राहायला."

"आणि दुकान?"

"बंद कर."

"मग तिथे येऊन मी काय करू?"

"काही करायचं नाही. आराम करायचा."

"मग नको," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्याच आठवड्यात तिने आपण होऊन फोन केला आणि विचारलं, "तिथे थंडी फार असते का रे?" आपल्याकडे याला होकार म्हणतात.

तो दुसऱ्याच दिवशी एका सल्लागाराकडे गेला. असे सल्लागार सहसा कुठल्या तरी दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसतात आणि त्यांच्या खोलीतलं झाड प्लास्टिकचं असतं. सल्लागाराने त्याला प्रथम सांगितलं, की यापुढे कायद्याच्या दृष्टीने तो मुलगा नसून 'प्रायोजक' आहे. (हा शब्द त्याने तोवर फक्त सामन्यांच्या जाहिरातीत ऐकला होता.) आणि आई ही आई नसून 'अवलंबित' आहे.

"म्हणजे तुमची आई तुमच्यावर अवलंबून असायला हवी," सल्लागार म्हणाला. "तिचं स्वतःचं चालत असेल, तर सरकार विचारणार, मग तिला इकडे आणता कशाला?"

"बरं."

"पण ती फार अवलंबून असेल, तर सरकार विचारणार, मग हिचा खर्च आमच्या इस्पितळांवर पडणार का?"

"मग कशी हवी?"

सल्लागाराने ते नीट समजावून सांगितलं. आई अशक्त असावी, पण तिला औषध लागू नये. तिला जिना चढता येऊ नये, पण विमानापर्यंत चालत जाता यावं. ती विसरभोळी असावी, पण स्वतःची जन्मतारीख आणि मुलाचा पत्ता तिने न अडखळता सांगावा. तिला जगात मुलाशिवाय कोणी नसावं, मात्र असं लिहून देणारे दोन शेजारी असावेत. थोडक्यात, बंद पडलेली, पण दुरुस्तीचा खर्च नसलेली. लिफ्टवाल्याने आयुष्यात अशी लिफ्ट पाहिली नव्हती. तरी त्याने आईच्या नावाने अर्ज केला, कारण सरकार म्हणतं त्याअर्थी अशा आया कुठेतरी असणारच.

आधी वैद्यकीय तपासणी झाली. आईला वाटलं, तपासणी ही पास होण्यासाठी असते. तिने सकाळी लवकर उठून केस विंचरले, ठेवणीतली साडी नेसली आणि डॉक्टरांनी वाका म्हटलं तेव्हा तळहात जमिनीला टेकवून दाखवले. डॉक्टरांनी 'प्रकृती उत्तम' असा शेरा मारला. तिने तो सगळ्या नातेवाइकांना कळवला. मुलाने तो वाचला आणि डोक्याला हात लावला.

मग मुलाखत झाली. कुटुंब एकत्रीकरण विभागाच्या एका खोलीत प्रायोजक खुर्चीवर बसला होता, अधिकारी टेबलामागे होता, त्याच्या शेजारी एक दुभाषी बाई होती आणि आई भिंतीवरच्या पडद्यावर होती. पडद्यावर ती दुकानात बसलेली दिसत होती आणि तिच्या मागे पाइप रचलेले होते.

"आंघोळ तुमची तुम्ही करता का?" अधिकाऱ्याने विचारलं.

"हा माणूस कोण आहे?" आईने मुलाला विचारलं. दुभाषी बाईंनी याचं भाषांतर 'होय' असं केलं.

"जिना चढता येतो?"

"कितव्या मजल्यावर जायचंय?"

"तुमचे पैशांचे व्यवहार कोण बघतं?"

"मीच. ह्याचेही मीच बघायचे. परदेशात गेला म्हणून सुटला."

महिन्याभराने निकाल आला. 'अर्जदार अत्यधिक स्वावलंबी आहे. या अवस्थेत सुधारणा होण्याची चिन्हे दिसत नाहीत. अर्ज नामंजूर.'

आईने पहिलं वाक्य शेजारणीला दोनदा वाचून दाखवलं. परक्या सरकारने लिहून दिलं होतं, घरच्यांनी तर कधी तोंडानेही म्हटलं नव्हतं. तिसऱ्या वाक्याचा अर्थ तिला संध्याकाळी दुकानाचं शटर ओढताना लागला. त्या रात्री मुलाने फोन केला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "जाऊ दे. मला इथे कामं आहेत." मग तिने फोन लगेच ठेवला, आणि हे तिच्या रीतीला सोडून होतं.

कायद्याने आणखी एक संधी मिळत होती. सल्लागाराने सुचवलं, की आईंना थोडं शिकवून ठेवा. सूनबाईंनी फोनवर शिकवणी सुरू केली. "आई, प्रश्न विचारला की तुम्ही आधी थोडं थांबायचं. जरा हात थरथरू द्यायचा."

आईने हात थरथरवून दाखवला. कोणीतरी जोरात दार वाजवत असावं तसा तो दिसला.

"आणि विचारलं काही, तर म्हणायचं, आठवत नाही."

"काय आठवत नाही?"

"काहीही."

"हे बघ," आई म्हणाली, "गळका नळ मी कोणाला चांगला म्हणून विकला नाही. आता या वयात चांगला नळ गळका म्हणून विकायला लावू नका."

सूनबाईंनी शिकवणी तिथेच थांबवली. त्यांना सासूबाईंचं म्हणणं पटलं होतं, आणि तीच पंचाईत होती.

दुसरी मुलाखत त्याच खोलीत, त्याच अधिकाऱ्यापुढे झाली. त्याला सर्दी झाली होती. जेवायची सुट्टी जवळ आली होती. आईने सगळी उत्तरं पहिल्यासारखीच दिली: आंघोळ करते, जिना चढते, हिशेब बघते. अधिकारी एकेक खूण करत चालला होता. प्रायोजक आपल्या बुटांकडे बघत होता. या खेपेलाही 'नाही' आलं, तर पुन्हा अर्ज करायची सोय नव्हती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तशी गत.

शेवटी अधिकाऱ्याने नाक पुसलं आणि नियमात नसलेला एक प्रश्न विचारला. "बाई, तुम्हाला तर सगळंच येतं. मग मुलाकडून तुम्हाला नक्की हवंय तरी काय?"

दुभाषी बाईंनी विचारलं. आई बोलली नाही. पडदा गोठला असं वाटून अधिकाऱ्याने केबल हलवून पाहिली. पण पडद्यावर पाइपांच्या बाजूला दिसणाऱ्या रस्त्यावरून एक सायकल गेली, म्हणजे पडदा चालू होता.

"जेवायला," आई हळूच म्हणाली. "स्वयंपाक मी करते. पण समोर कोणी नसलं तर घास गिळवत नाही. बरेच दिवस झाले, मी उभ्यानेच जेवते. ओट्यापाशी."

मुलाला हे माहीत नव्हतं. तो रोज फोनवर विचारी, "जेवलीस का?" आणि ती रोज म्हणे, "जेवले." उभ्याने की बसून, हे विचारायचं त्याला कधी सुचलं नव्हतं.

दुभाषी बाईंनी भाषांतर केलं. अधिकाऱ्याने ते ऐकून संगणकावर शोधाशोध सुरू केली. एकटेपणासाठी त्या अर्जात जागा नव्हती (तशी मागणी आजवर कोणी केली नव्हती). खूप खाली गेल्यावर त्याला एक ओळ सापडली: 'जेवणासाठी दुसऱ्या व्यक्तीची आवश्यकता आहे काय?' त्याने एकदा पडद्याकडे पाहिलं आणि 'होय' दाबलं. त्याने हे दयेपोटी केलं की भुकेपोटी, याची नोंद नाही.

मंजुरी आली. तिच्यात म्हटलं होतं, 'अर्जदार स्वतःहून जेवू शकत नाही.'

एकदा कागदावर माणूस आजारी पडला, की यंत्रणा हयगय करत नाही. विमानतळावर आईसाठी चाकांची खुर्ची आणि ती ढकलणारा एक माणूस हजर होता. आईने खुर्ची बघितली, तिच्यात आपल्या दोन्ही बॅगा ठेवल्या आणि ती ढकलत बाहेर आली. ढकलणारा माणूस रिकाम्या हातांनी तिच्याशेजारी चालत होता आणि ती त्याला आपल्या भाषेत रस्ता विचारत होती. नातीने आधी तिला बोट लावून पाहिलं, मग दोन्ही हातांनी धरलं.

मंजुरीला एक अट होती. अवलंबिताच्या दिवसातल्या किमान एका जेवणाला प्रायोजकाने जातीने उपस्थित राहावं. कुचराई आढळल्यास परवाना रद्द. लिफ्टवाल्याने हे पत्र आपल्या साहेबाला दाखवलं. साहेबाने ते उलटसुलट करून पाहिलं. आजवर त्याने या माणसाला मुलीच्या वाढदिवसालाही सुट्टी दिली नव्हती. पण सरकारी हुकमापुढे शहाणपण चालत नाही. त्या दिवसापासून लिफ्टवाला संध्याकाळी अंधार पडायच्या आत घरी जाऊ लागला. कंपनीतल्या इतरांना त्याचा हेवा वाटू लागला आणि दोघातिघांनी आपल्या आयांच्या तब्येतीची नव्याने चौकशी केली.

पहिले काही दिवस अवघड गेले. मायलेक समोरासमोर बसत आणि काय बोलावं ते दोघांनाही सुचत नसे. तब्येत समोरच दिसत होती आणि हवा दोघांना एकच होती. एकदा सवयीने त्याने खिशातून फोन काढला.

"अरे, मी इकडे आहे," आई म्हणाली.

त्याने फोन ठेवला. मग तिने उधारीवर पाइप नेणाऱ्या एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली, मग त्याने दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या एका नवरा-नवरीची सांगितली. सूनबाई हसता हसता ठसकल्या. पुढे जेवण संपलं तरी कोणी उठेनासं झालं.

विभागाने तपासणीसाठी एक परिचारिका पाठवली. ती नेमकी जेवणाच्या वेळी आली, कारण तसाच नियम होता. "यांना भरवतं कोण?" तिने विचारलं. आईला भाषा कळली नाही, पण पोरगी सकाळपासून उभी आहे हे कळलं. तिने एक ताट वाढलं आणि खुर्ची ओढली. परिचारिका बसली. तासाभराने उठताना तिने अहवाल लिहिला: 'परिस्थिती जैसे थे. अर्जदार अद्याप एकट्याने जेवू शकत नाही. बरे होण्याची शक्यता नाही. तपासणी वरचेवर व्हावी, शक्यतो याच वेळी.'

आईजवळ बसून दोन घास खायला सरकारी हुकूम लागावा, याचं काही वाचकांना हसू येईल, आणि ते रास्तच आहे. हा हुकूम फक्त परदेशातून आणलेल्या आयांना लागू आहे. ज्यांची आई त्याच गावात, दोन रस्ते पलीकडे राहते, त्यांना ना परवाना लागतो, ना दुभाषी, ना मुलाखत. चपला घातल्या की झालं. अशा आयांना सरासरी किती काळ वाट बघावी लागते, हे आम्ही विभागाला विचारून पाहिलं. विभागाने कळवलं, की त्यांच्याकडे फक्त परदेशातल्या आयांची माहिती असते. इतरांची ज्याच्या त्याच्याकडे असावी. तरी ती आपण कळवावी, ही विनंती.