गुरप्पाअण्णांची कात्री

गुरप्पाअण्णांनी एडिट केलेला पहिला व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिला आणि कुणालाच काही कळलं नाही. शेतावरच्या कलावतीबाई ज्वारीची मुळं धुऊन दाखवतायत, एवढाच विषय. पण दर थोड्या वेळाने पडदा काळा व्हायचा आणि पांढरी अक्षरं यायची: 'येथे सहा सेकंद कमी केले. कारण: खोकला. सही, गुरप्पा.' पुन्हा मुळं. पुन्हा काळा पडदा. 'येथे अकरा सेकंद कमी केले. कारण: बकरी आली.' पाच मिनिटांचा व्हिडिओ हवा होता, तो झाला तेवीस मिनिटांचा. कारण कापलेले सगळे तुकडे शेवटी 'परिशिष्ट' म्हणून ओळीने जोडले होते. बकरी तिथे पुन्हा भेटली.

सोलापूरबाहेरच्या आमच्या प्रयोगशाळेत कोरडवाहू ज्वारीवर संशोधन चालतं. मी तिथे प्रकल्प सहायक, आणि अण्णा म्हणजे मैंदर्गीचे, सगळ्यात जुने लॅब अटेंडंट. त्यांचं सगळं एका वाक्यावर चालतं: "नोंद पायजे की." साखर संपत आली तरी बरणीवर तारखेसकट चिठ्ठी लागते. प्रमुख मॅडमनीच त्यांना शिकवलं होतं, की नोंदवहीत खोडरबर चालत नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही. अण्णांनी तोच नियम व्हिडिओला लावला. मॅडम रागवायला उभ्या राहिल्या आणि नेमकं कशावर रागवावं ते न सुचून खाली बसल्या.

हे काम अण्णांनी स्वतःहून मागून घेतलं होतं, हे आणखी एक कोडं. रिटायर व्हायला दीड वर्ष उरलेला माणूस एडिटिंगचं एक फुकटातलं सॉफ्टवेअर शिकायला माझ्या मागे लागला होता. "ताई, आवाजाचा पट्टा येगळा आन् चित्राचा येगळा, व्हय ना? मग एक काडला तर दुसरा ऱ्हातोय का?" मी सांगायचे, ते लिहून घ्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारायचे. यांच्या डोक्यात काही शिरत नाही, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवलं होतं.

मॅडमनी दुरुस्त्या दिल्या. काळे पडदे काढा, परिशिष्ट काढा. अण्णांच्या जिवावर आलं, पण काढले. "आणि या कलावतीबाई मधे फार बोलतात. तिथे वर एखादं संगीत टाका," मॅडम पुढे म्हणाल्या.

"ते न्हाय टाकणार," अण्णा म्हणाले.

मॅडमना अण्णांकडून 'न्हाय' ऐकायची सवय नव्हती. "शुक्रवारी व्हिडिओ गेलाच पाहिजे, अण्णा. जमत नसेल तर बाहेर देते, तुम्ही कॉम्प्युटर परत करा." बरं, कलावतीबाई तरी बोलत काय होत्या? "मूळ वढू नका, पाण्यानंच सुटू द्या." शिवाय नणंदेची एक तक्रार. तेवढ्यासाठी हातचं काम घालवायचं? मला काही केल्या उलगडा होईना. दुपारी मी डबा घेऊन त्यांची समजूत घालायला गेले.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी तशीच बाजूला ठेवून अण्णा कॉम्प्युटरसमोर बसले होते. पडद्यावर त्यांच्या मुलीचं लग्न चाललं होतं. एक म्हातारी नवरीच्या गालावर हात ठेवून काहीतरी सांगत होती, चांगलं दोन-तीन मिनिटं. आवाज मात्र अजिबात नव्हता.

"आमची अव्वा, माजी आई," अण्णा म्हणाले. "मी तवा पंगतीत वाढत हुतो. शूटिंगवाल्यानं हिच्या बोलण्यावर गाणं टाकलं. व्हिडिओ हातात यायच्या आत अव्वा गेली. पोरीला इचारलं, तर रडण्याच्या नादात तिला काय बी आठवंना. मूळचं शूटिंग त्यांनी पुसून टाकल्यालं. मला वाटलं, गाणं वरनं टाकलंय म्हंजी खाली आवाज असंलच की. म्हनून तर हे शिकलो. काल गाणं काडलं."

त्यांनी पडद्यावरचा आवाजाचा रिकामा पट्टा बोटाने दाखवला. "खाली काय बी न्हाय, ताई."

मला माझीच लाज वाटली. रोज तेच तेच विचारणाऱ्या या माणसाला मी मठ्ठ समजत होते.

मी जाऊन मॅडमना सगळं सांगितलं आणि त्यांना घेऊन आले. अण्णांच्या मागे उभं राहून त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "कलावतीबाईंचं बोलणं राहू द्या. शुक्रवारी असाच पाठवू."

"व्हय," अण्णा म्हणाले, पण त्यांचं लक्ष पडद्याकडेच होतं. "मॅडम, तुमचं म्हायेर अक्कलकोटचं. अव्वा कानडीच बोलायची, आन् तुमास्नी बी कानडी येतंय की. ओठांवरनं काय लागतंय का, बघता का एकदा?"

मॅडमनी स्टूल ओढलं. अण्णांनी व्हिडिओ एकदम हळू केला आणि पहिल्यापासून लावला. मॅडमची तीन वाजता बैठक होती. साडेतीनला शिपाई बोलवायला आला, तेव्हा आम्ही तिघं अजून पहिल्याच वाक्यावर होतो.